ट्रकचं इंजिन बांधताना पिस्टन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉड कसे निवडावेत

हेड उतरवलं, ऑइल पॅन काढलं आणि सहाही पिस्टन बाकावर ओळीने मांडले की नव्या माणसाला पहिली घाई होते ती पार्ट मागवायची. पण पार्ट देणारा पहिलाच प्रश्न विचारेल, ‘स्टँडर्ड देऊ की ओव्हरसाइज?’, म्हणजे मूळ मापाचे की त्याहून मोठे, आणि त्याचं उत्तर त्या घडीला तुमच्याकडे नसतं. ते ब्लॉकमध्ये असतं आणि मोजल्याशिवाय मिळत नाही. म्हणून या लेखात खरेदी सर्वांत शेवटी येते.

उदाहरणासाठी मी कमिन्सचं ६बीटी इंजिन डोळ्यांसमोर ठेवलं आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साधारण १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२० मिमी, सहा सिलिंडर, एकूण ५.९ लिटर. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील. तुमच्या इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल मात्र आधी मिळवा. इथे दिलेले अंदाज आणि मॅन्युअलमधला आकडा यांत फरक पडला तर मॅन्युअलच खरं धरा.

पहिली पायरी: जुने पार्ट धुण्याआधी बघा

इंजिन कशाने गेलं ते जुन्या पिस्टनवर उमटलेलं असतं. डिझेलने घासून पुसून टाकलंत की तो पुरावा जातो. म्हणून प्रत्येक पिस्टन, त्याच्या रिंगा, रॉड, त्याची खालची कॅप आणि शेल (तिथल्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) सिलिंडरच्या नंबराप्रमाणे वेगळे ठेवा आणि आधी नुसतं निरखा.

स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या रिंगांखालच्या भागावर, उभे, बारीक, निस्तेज राखाडी ओरखडे असतील आणि वरच्या रिंगेचा तोंडाचा थर पार झिजलेला असेल, तर इंजिनने धूळ खाल्ली आहे. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप कुठेतरी सैल किंवा फाटलेला आहे. एकाच पिस्टनचा माथा कडेला वितळला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर थेंब गाळत होता किंवा त्याचा फवारा बिघडला होता. सगळ्याच स्कर्टवर दोन्ही बाजूंनी घासल्याचे चट्टे असतील तर इंजिन तापलं होतं किंवा ऑइल पोचत नव्हतं. आणि स्कर्टवरची खूण सरळ न उतरता तिरपी गेली असेल, म्हणजे एका बाजूला (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या) पिनच्या वर आणि समोरच्या बाजूला पिनच्या खाली घासलेलं दिसलं, तर त्या रॉडवर लगेच खडूने फुली मारा. तो वाकलेला असण्याची दाट शक्यता आहे.

हे कारण दुरुस्त न करता नवा सेट बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल.

दुसरी पायरी: बोअर मोजा

इथे बोअर डायल गेज आणि मायक्रोमीटर लागतात. व्हर्निअर कॅलिपर या कामाला पुरत नाही. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर मोजायचा: वर, मध्ये, खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांना: एकदा क्रँकच्या रेषेत, एकदा तिच्या काटकोनात. एका सिलिंडरचे सहा आकडे, सहा सिलिंडरचे छत्तीस. सगळे वहीत लिहा. कंटाळा येतो, पण सगळी निवड या छत्तीस आकड्यांवर उभी आहे.

सर्वांत जास्त झीज सापडेल ती वरची रिंग जिथून परत फिरते त्या पट्ट्यात, आणि बहुधा क्रँकच्या काटकोनातल्या दिशेला, कारण पिस्टन त्याच बाजूला भिंतीवर दाबला जातो. वर आणि खाली यांतला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हल. दोन्हींची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. सगळे सिलिंडर मर्यादेत असतील तर स्टँडर्ड पिस्टन आणि होनिंग (दगडाने भिंत बारीक घासणं) एवढ्यावर भागतं. एकही बाहेर असेल तर बोअरिंग (सिलिंडर मशीनवर कापून मोठा करणं) करावं लागतं, आणि मग सहाही सिलिंडर एकाच ओव्हरसाइजला न्यावेत, म्हणजे सेट एकसारखा राहतो.

ओव्हरसाइज पायऱ्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी. वर्कशॉपच्या भाषेत दहा, वीस, तीस आणि चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग). प्रत्येक इंजिनला चारही मिळतीलच असं नाही. इथे नवा माणूस एका हिशेबात हमखास चुकतो. समजा मूळ बोअर १०२.०२ आहे आणि सर्वांत वाईट माप १०२.२० आलं. झीज ०.१८, म्हणजे ०.२५ मध्ये साफ होईल असं वाटतं. पण झीज दोन्ही बाजूंना सारखी नसते. ती जवळजवळ सगळी एकाच भिंतीत असेल आणि बोअरिंग मूळ केंद्रावरच करायचं असेल, तर त्या भिंतीत ०.१८ खोल जावं लागतं आणि व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.३६ ने वाढतो. ०.२५ मध्ये तो खड्डा राहणारच. अशा वेळी सरळ ०.५० घ्यावा.

ब्लॉकला लायनर असतील तर हा हिशेब बदलतो. पाण्यात बुडालेले वेट लायनर असतील तर लायनर, पिस्टन, पिन आणि रिंगा असा जुळवलेला किट घ्या. झिजलेल्या लायनरला होनिंग करून नवा पिस्टन घालण्याच्या फंदात पडू नका. जुना लायनर बाहेर काढल्यावर त्याची पाण्याकडची बाजू बघा. तिथे किडीने पोखरल्यासारखी भोकं दिसली तर ते कूलंटमधल्या बुडबुड्यांचं काम आहे, आणि पुढे कूलंट आणि त्यातल्या रसायनांकडे लक्ष द्यावं लागेल. नवा लायनर बसल्यावर तो ब्लॉकच्या माथ्यावर किती वर राहतो ते डायल गेजने मोजा. कमी असेल तर खाली शिम (पातळ चकती) घालावी लागते, नाहीतर हेड गास्केट टिकत नाही. ड्राय लायनर दाबून बसवतात, त्यात तो किंचित आवळला जातो. म्हणून बसवल्यानंतर बोअर पुन्हा मोजायचा.

तिसरी पायरी: पिस्टन

क्रम असा: ओव्हरसाइज ठरवा, पिस्टन मागवा, हातात आल्यावर प्रत्येक मोजा, त्यावर सिलिंडरचा नंबर टाका आणि मग ब्लॉक व पिस्टन दोन्ही बोअरिंगवाल्याकडे द्या. तो प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने कापेल. मी शिकत होतो तेव्हा एका ब्लॉकचं बोअरिंग पिस्टन यायच्या आधीच उरकलं गेलं होतं. डब्यावर ०.५०, ब्लॉकही ०.५० ला कापलेला, कुणाला शंका आली नाही. पिस्टन मापाला थोडे भरलेले होते आणि क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांतली फट) हवा त्याच्या जेमतेम निम्मा उरला. भरल्या गाडीने पहिलाच चढ घेतला आणि तीन पिस्टन धरले. तेव्हापासून पिस्टन हातात घेतल्याशिवाय मी ब्लॉक बोअरिंगला सोडत नाही.

पिस्टन कुठे मोजायचा हेही ठरलेलं आहे. तो दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल आणि उभा पिंपासारखा. माथ्याकडे तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो, कारण तिथे जास्त तापून जास्त फुलतो. म्हणून माप स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवरच घ्यायचं. बोअर उणे हे माप म्हणजे क्लिअरन्स. मोजताना ब्लॉक आणि पिस्टन एकाच तापमानाला असू द्या, शक्यतो २० अंश सेल्सिअसच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुलतं. १०२ मिमीचा पिस्टन नुसता १० अंशांनी गरम असेल तरी सुमारे ०.०२ मिमी मोठा मोजला जातो. जिथे सगळा क्लिअरन्सच मिमीच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे, तिथे उन्हात ठेवलेल्या पिस्टनचं माप फसवतं.

आता धातूची निवड. डिझेल ट्रकच्या बहुतेक पिस्टनला सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेलं ओतीव अ‍ॅल्युमिनियम वापरतात. सिलिकॉनने झीज कमी होते आणि फुगणंही. वरच्या रिंगेची खाच मात्र नुसत्या अ‍ॅल्युमिनियममध्ये टिकत नाही. म्हणून तिथे निकेलयुक्त बिडाचं कडं ओतकामातच धरलेलं असतं. नवा पिस्टन हातात घेतलात की वरच्या खाचेत रंगाचा फरक बघा. जुन्या पिस्टनला हे कडं होतं आणि नव्याला नसेल, तर तो परत करा. नव्या पिढीच्या जास्त दाबाच्या इंजिनांत पोलादी पिस्टन येतात. त्यांचं फुगणं, क्लिअरन्स, पिन सगळंच वेगळं, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या जागी पोलादी किंवा उलट असा बदल मनाने करायचा नाही.

पेट्रोल पिकअपसाठी फोर्ज्ड पिस्टन बघत असाल तर दोन मिश्रधातूंची नावं ऐकाल. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के, तो कमी फुलतो आणि थंडीत कमी खडखडतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावालाच, तो चिवट असतो पण जास्त फुलतो, म्हणून त्याला क्लिअरन्स जास्त लागतो. रोज माल वाहणाऱ्या गाडीला माझ्या मते ४०३२ किंवा चांगला ओतीव पिस्टनच योग्य. २६१८ शर्यतीच्या इंजिनांना शोभतो.

माथ्यातली वाटी हा डिझेलमधला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि दुर्लक्षही तिच्याकडेच होतं. एकाच इंजिनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत बोअर तोच, पिन तीच, पण वाटी वेगळी असते: एकात अरुंद आणि खोल, दुसऱ्यात रुंद आणि उथळ. इंजेक्टरच्या फवाऱ्याचा कोन त्या वाटीसाठी ठरवलेला असतो. चुकीची वाटी आली की फवारा वाटीच्या काठावर किंवा थेट सिलिंडरच्या भिंतीवर बसतो. मग ऑइलचा थर धुतला जातो, काळा धूर येतो आणि पिस्टन वितळतो. म्हणून इंजिनचं मॉडेल सांगून भागत नाही. प्लेटवरचा पूर्ण सीरियल नंबर आणि कोड द्या.

जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून एवढं ताडून पाहा: पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास, वाटीचा आकार आणि खोली, व्हॉल्व्हसाठी असलेले खळगे, रिंगांच्या खाचांची रुंदी, आणि खालून ऑइलचा फवारा मारणाऱ्या जेटसाठी स्कर्टला कापलेली जागा. ही शेवटची जागा नसेल तर पिस्टन खाली आल्यावर जेटच मोडतो.

पिनपासून माथ्यापर्यंतची उंची अर्ध्या मिमीने जरी चुकली तरी कॉम्प्रेशन बदलतं, किंवा पिस्टन हेडला आदळतो. ब्लॉकचा माथा घासून सपाट केला असेल तर पिस्टन तेवढाच वर येतो. अशा वेळी जाड हेड गास्केट किंवा कमी उंचीचे पिस्टन लागतात. कोणते ते ठरवायला एक पिस्टन रॉडसकट तात्पुरता बसवून टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर पोचतो त्या जागी) तो ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजा. डायल गेज पिनच्या रेषेवरच, पुढे आणि मागे अशा दोन जागी ठेवा, म्हणजे पिस्टन कलला तरी माप बिघडत नाही.

चौथी पायरी: रिंगा

बोअर झिजलेला असताना नुसत्या नव्या रिंगा घालण्याचा मोह फार होतो. एक साधं गणित करून पाहा. परीघ म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. बोअर ०.१० मिमीने वाढला की रिंगेचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) ०.३१ मिमीने वाढतो. मघाच्या ०.१८ झिजलेल्या सिलिंडरमध्ये वर गेलेल्या रिंगेचा गॅप खालच्यापेक्षा अर्ध्या मिमीहून जास्त उघडतो, आणि दर फेरीला ती उघडझाप करते. अशा रिंगा कितीही महागड्या असल्या तरी ब्लो-बाय (रिंगांजवळून दाब खाली निसटणं) थांबत नाही.

डिझेलची वरची रिंग बहुधा कीस्टोन, म्हणजे पाचरीच्या आकाराची असते. काजळी साचून रिंग खाचेत अडकू नये म्हणून हा आकार आहे: रिंग आतबाहेर हलली की खाचेतली जागा कमीजास्त होते आणि कार्बन फुटून पडतो. पिस्टनची खाच तिरपी असेल तर रिंगही तिरपीच हवी. चौकोनी रिंग तिथे बसेल, पण नीट काम करणार नाही.

रिंगेच्या तोंडावर क्रोम की मॉलिब्डेनम हे तुम्ही ठरवण्यापेक्षा पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेला सेट घेणं बरं. मॉलिब्डेनमचा थर सच्छिद्र असतो, ऑइल धरून ठेवतो आणि लवकर बसतो. क्रोम धुळीपुढे जास्त टिकतं, पण होनिंग त्याला जुळेल असंच हवं. लायनरला आतून क्रोम असेल तर मात्र क्रोमची रिंग कधीही घालू नका. दोन क्रोम एकमेकांवर घासले की दोन्ही जातात.

गॅप प्रत्येक रिंगेचा, तिच्याच सिलिंडरमध्ये मोजायचा. रिंग आत ठेवा, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला म्हणजे ती तिरकी राहणार नाही, आणि फिलर गेज लावा. टर्बो नसलेल्या इंजिनसाठी जुना अंदाज बोअरच्या हजारात चार भाग असा आहे. १०२ मिमीला तो सुमारे ०.४१ मिमी येतो. टर्बो असेल तर वरची रिंग जास्त तापते, तिला यापेक्षा जास्त गॅप लागतो. गॅप थोडा जास्त झाला तर किंचित दाब निसटेल. कमी झाला तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते, खाचांमधली भिंत फुटते आणि नवा बोअर ओरखडला जातो. म्हणून शंका आली तर मर्यादेच्या वरच्या बाजूला राहा. गॅप वाढवताना कानस बाहेरून आतल्या दिशेने चालवा, नाहीतर तोंडावरचा थर टोकाशी उडतो.

कित्येक इंजिनांत दुसरी रिंग खालच्या काठाला ऑइल खरवडण्यासाठी तिरपी केलेली असते. ठिपका किंवा ‘टॉप’ अशी खूण माथ्याकडे हवी. उलटी बसली तर ती ऑइल खरवडून खाली पाठवण्याऐवजी वर चढवते. नवे पार्ट, नवीन होनिंग, सगळं नीट, आणि तरी इंजिन ऑइल पितं, अशा तक्रारीत मी सर्वांत आधी हीच रिंग आठवतो. ऑइल रिंगेच्या आत स्प्रिंग असेल तर स्प्रिंगचा जोड रिंगेच्या गॅपच्या बरोबर समोर ठेवा. तिन्ही रिंगांचे गॅप १२० अंशांवर वाटा. एकही गॅप पिनच्या टोकावर किंवा दाबाच्या बाजूला येऊ देऊ नका. आणि रिंग हाताने पिळून चढवू नका, रिंग एक्सपांडर वापरा. पिळलेली रिंग पुन्हा सपाट होत नाही.

होनिंगच्या तिरप्या रेघा ऑइल धरण्यासाठी असतात, त्यामुळे गुळगुळीत आरशासारखा बोअर नको. होनिंगनंतर बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. नुसत्या डिझेलने दगडाची पूड निघत नाही. शेवटी पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर आलं की लगेच ऑइलचा हात मारा.

पाचवी पायरी: कनेक्टिंग रॉड

रॉडवर काय येतं त्याचा अंदाज घेऊ. १०२ मिमीच्या पिस्टनवर जळण्याचा दाब १५० बार धरला तर रॉडवर सुमारे साडेबारा टनांचा भार येतो. हा भार दाबणारा आहे आणि जाड घडीव रॉड तो वर्षानुवर्षं सोसतो. बोल्ट तुटतात ते उलट दिशेच्या ओढीने. एक्झॉस्ट स्ट्रोकला पिस्टन टीडीसीला पोचतो तेव्हा वरून अडवायला दाब नसतो आणि पिस्टनला थांबवून परत खेचण्याचं काम बोल्टवर येतं. वर-खाली होणारं वजन दोन किलो धरलं तर २५०० आरपीएमला ही ओढ टनाच्या वर जाते. ती वेगाच्या वर्गाने वाढते: ३५०० आरपीएमला जवळजवळ दुप्पट. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये उताराला लागली आणि इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं, असं ड्रायव्हरने सांगितलं तर जुने बोल्ट दिसायला कितीही चांगले असोत, बदला. खरं तर रॉड खोलला की बोल्ट नवेच घालावेत असं माझं मत आहे, आणि मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलं असेल तर अनेक इंजिनांत ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

जुने रॉड ठेवायचे की नवे घ्यायचे? मूळ घडीव रॉड सरळ असतील, भेगा नसतील, तर तेच ठेवा. माल वाहणाऱ्या ट्रकला दिखाऊ एच-बीम रॉडची गरज नाही. कुणी बनवला हे ठाऊक नसलेल्या नव्या रॉडपेक्षा तपासून घेतलेला मूळ रॉड मी केव्हाही पसंत करतो.

तपासणी अशी. आधी चुंबकीय पद्धतीने भेगांची चाचणी. मग वाक आणि पीळ, जिगवर. इंजिनात पाणी जाऊन ते अडलं असेल तर ही चाचणी टाळूच नका: पाणी दबत नाही, रॉड वाकतो. वाकलेला रॉड सरळ करून पुन्हा घालू नका. मग बिग एंडचा (क्रँकवर बसणाऱ्या टोकाचा) बोअर, शेल काढून, कॅप बसवून आणि बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळून मोजा. सैल कॅपवर घेतलेलं माप निरुपयोगी आहे. बोअर ओव्हल झाला असेल तर मशीनवर कॅप आणि रॉडची तोंडं किंचित घासून पुन्हा गोल करता येतो.

पण हे फक्त कापून जोडलेल्या रॉडला लागू आहे. आजकालचे पुष्कळ रॉड बिग एंडपाशी मुद्दाम तडकवून दोन भाग केलेले असतात. त्या खडबडीत तोंडांची जुळणी त्या एकाच जोडीची असते. कॅप दुसऱ्या रॉडवर बसत नाही, तोंड घासता येत नाही, आणि कॅप जमिनीवर पडून एखादा कण जरी उडाला तरी रॉड बाद. असा रॉड ओव्हल निघाला तर बहुधा नवाच घ्यावा लागतो.

स्मॉल एंडकडे (पिनकडच्या टोकाकडे) दोन गोष्टी. एक, बुशमधलं ऑइलचं भोक रॉडच्या भोकाशी जुळतं का. दुसरी, आकार. काही रॉडचा स्मॉल एंड वरून अरुंद, खालून रुंद असा पाचरीसारखा असतो आणि पिस्टनच्या आतली जागाही तशीच कापलेली असते. सरळ पिस्टनमध्ये पाचरीचा रॉड बसेल, पण पिनला हवा तेवढा आधार मिळत नाही. पाचरीच्या पिस्टनमध्ये सरळ रॉड वरच्या बाजूला अडकतो. त्यामुळे पिस्टन आणि रॉड वेगवेगळ्या ठिकाणांहून घेत असाल तर पिनने जोडून हाताने दोन्हीकडे डोलवून बघा.

वजनाचंही तसंच. एक रॉड बदलत असाल तर बाकीच्यांच्या गटातला घ्या. गटाची खूण रॉडवर असते, नसेल तर काट्यावर ठेवा. फरक किती चालतो ते मॅन्युअल सांगेल.

मागवताना आणि बसवताना

आता यादी करा: इंजिनचा पूर्ण नंबर, ठरलेला ओव्हरसाइज, क्रँकच्या जर्नलचं (रॉड बसतो त्या गोल भागाचं) माप आणि त्यानुसार शेल, पिन, सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या), रॉडचे बोल्ट, हेड गास्केटची जाडी. पिस्टन, पिन आणि रिंगा एकाच बनवणाऱ्याच्या घ्या. सर्कलिप नेहमी नव्या.

जोडणी करताना पिस्टनवरची पुढची खूण इंजिनच्या पुढच्या बाजूला, आणि रॉडची दिशाही मॅन्युअलप्रमाणे. कॅप तिच्याच रॉडवर, नंबराला नंबर लावून. प्रत्येक पिस्टन आत गेला आणि कॅप आवळली की क्रँक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. प्रत्येक पिस्टनगणिक क्रँक थोडी थोडी जड होत जाते, ते रिंगांचं घर्षण आहे. एखाद्याला ती एकदम जड झाली, किंवा एकाच जागी अडली, तर पुढचा पिस्टन घालू नका. नुकताच बसवलेला बाहेर काढा आणि त्याचे शेल, कॅपचा नंबर आणि रिंगा पुन्हा बघा.